परिचर्या व समाजसेवा: एका जीवनक्रमातील दोन कामे

आमच्या खेड्यांतील आईबाप व उपदेशक यांजकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "मुलगी बारावी उत्तीर्ण झाली आहे. दुखणाइताची सेवा करावी अशी तिची इच्छा आहे. परंतु गावातील दारिद्र्य, कर्ज व दारू पाहूनही तिचे मन स्वस्थ बसत नाही. तिने नर्स व्हावे, की समाजसेवेचे शिक्षण घ्यावे?" ह्या प्रश्नात दोहोंपैकी एकच वाट धरता येते असे गृहीत धरलेले आहे. आमच्या मते हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. म्हणून आजच्या पाठात आपण परिचर्या व समाजसेवा ही दोन कामे एकाच आयुष्यात कशी जोडता येतात, पूर्वी ती कोणी जोडली, आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात त्यांची किती गरज आहे, ह्याचा क्रमाने विचार करू.

१. दुखण्याचे दोन भाग

समजा, साकोलीकडील एखाद्या खेड्यातील मजूर बाई आषाढात धानाच्या रोवणीस गेली. आठ दिवस चिखलात उभी राहिल्याने तिच्या पायाची लहानशी जखम चिघळली. ती आरोग्य केंद्रात आली. तेथील परिचारिकेने जखम नीट धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सांगितले, "बाई, आठ दिवस पाय कोरडा ठेवा." बाईने मान डोलावली व ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बांधीत उभी राहिली, कारण तिचा रोज बुडाला तर घरातील चूल बंद पडत होती. जखम वाढली.

येथे चूक कोणाची? पट्टी उत्तम बांधली होती. उपदेशही योग्य होता. परंतु "आठ दिवस तुमचे घर कोण चालवील?" हा एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

आता ह्याच्या उलट पाहू. समाजसेवेचे शिक्षण घेतलेला एखादा भला मनुष्य त्याच बाईच्या घरी गेला. त्याने कर्जाची चौकशी केली, रेशनकार्डाची व्यवस्था लावली, नवऱ्याची समजूत घातली. पण महिना लोटला तरी जखम भरत नाही ह्याचे कारण मधुमेह असू शकेल, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. कारण ते ओळखण्यास त्याचे डोळे शिकलेले नव्हते. त्याची सेवाही अर्धीच राहिली.

सारांश, दुखणे अर्धे शरीरात व अर्धे घरात असते. शरीरातील अर्ध्याची काळजी परिचर्या घेते, घरातील अर्ध्याची काळजी समाजसेवा घेते. शोमरोनी गृहस्थाची गोष्ट आपल्या वाचकांस पाठ आहे. त्याने जखमांस पट्टी बांधली, आणि तेवढ्यावर न थांबता त्या मनुष्यास उतारशाळेत पोहोचवून त्याच्या खर्चाचीही तजवीज केली. हीच दोन कामे एका हाताने झाली, म्हणून तो मनुष्य वाचला.

२. हे जोडकाम कोठून आले

इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाचे एक व्यापारी होते. त्यांच्या पत्नीची अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने शुश्रूषा केली. पत्नीच्या मृत्यूनंतर रॅथबोन यांच्या मनात आले की, आपल्यासारख्या श्रीमंतास जर ह्या सेवेने एवढा आधार मिळाला, तर जे गरीब घरी अंथरुणास खिळले आहेत त्यांचे काय? १८५९ साली त्यांनी मेरी रॉबिन्सन यांसच तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरोघरी पाठविले. पहिल्याच महिन्यात तेथील विपत्ती पाहून त्या इतक्या खचल्या की, मला यातून मोकळे करा असे त्या विनवू लागल्या. रॅथबोन यांनी त्यांस धीर दिला. मुदत संपली तेव्हा मात्र त्यांनी हे काम सोडण्यास नकार दिला. कारण आपल्या हातून किती दुःख हलके होते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याच्या पद्धतीचा आरंभ येथून समजला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही ह्या कामी रॅथबोन यांस सल्ला व साहाय्य दिले.

पुढे १८९३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी लिलियन वॉल्ड नावाची तरुण नर्स परदेशांतून आलेल्या गरीब स्त्रियांस घरगुती शुश्रूषेचे धडे देत होती. एके दिवशी वर्गात एक लहान मुलगी आली व तिला हात धरून आपल्या घरी घेऊन गेली. तेथे त्या मुलीची आई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने अंथरुणावर पडली होती. त्या कोंदट खोलीने वॉल्डबाईंचे आयुष्य पालटले. त्या त्याच वस्तीत राहावयास गेल्या आणि तेथे त्यांनी शुश्रूषेबरोबरच मुलांची खेळाची जागा, शाळा, मजुरांचे हक्क ह्या सर्वांचे काम आरंभिले. शाळेत नर्स नेमण्याची चाल न्यूयॉर्कात १९०२ साली सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने.

आपल्या देशातही ह्या विचाराने मूळ धरले. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईतील नागपाडा वस्तीत शेजारधर्माचे केंद्र चालविले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याची उच्च शाळा उघडली. भारतात समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी ही पहिली शाळा होय. तिचेच नाव पुढे टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहण्यासाठी वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. म्हणजे रोग्याच्या घराची चौकशी हेही रुग्णालयाचेच काम आहे, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

३. आपल्या शेजारचे उदाहरण

परंतु आम्हांस सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरचे वाटते. कमलाताई होस्पेट यांचा जन्म १८९६ साली झाला. बालपणीच त्यांचा विवाह झाला व कोवळ्या वयातच त्यांस वैधव्य आले. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात दिवस कंठावे अशी रूढी होती. आणि परक्या माणसांचे मलमूत्र उचलावे लागते म्हणून नर्सचे काम प्रतिष्ठित घरांत हलके समजले जाई. कमलाताईंनी ह्या दोन्ही समजुती बाजूस सारून परिचर्येचे व सुईणपणाचे शिक्षण घेतले. १९२१ साली त्यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने नागपुरास मातृसेवा संघाची स्थापना केली. आरंभ एका लहानशा सूतिकागृहाने झाला.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट नीट पाहावी. बाळंतपण सुखरूप पार पाडणे हे परिचारिकेचे काम. परंतु बाळंतीण घरी परत गेल्यावर तिला पोटभर अन्न मिळते काय, मूल मंदबुद्धीचे निघाले तर त्यास कोण शिकवील, म्हातारपणी निराधार झालेल्या बाईस कोण सांभाळील, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. मातृसेवा संघाने ते टाळले नाहीत. सूतिकागृहाच्या शाखा वाढल्या. मतिमंद मुलांसाठी व वृद्धांसाठी संस्था निघाल्या. आणि अखेर संघाने नागपुरास समाजकार्याचे महाविद्यालयच काढले. एका नर्सच्या हातून समाजसेवकांची शाळा जन्मास यावी, ह्याहून ह्या दोन कामांच्या नात्याचा दुसरा पुरावा कोणता हवा? १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंस पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १९८१ साली त्या वारल्या.

पुण्याच्या सेवासदनाचा उल्लेखही येथे केला पाहिजे. १९०९ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी विधवा व निराधार स्त्रियांस ससून रुग्णालयात नर्सचे शिक्षण मिळवून दिले. तेथे परिचर्येचे शिक्षण हीच समाजसेवा झाली. कारण त्या शिक्षणाने अबलेस स्वतःच्या पायांवर उभे केले. ख्रिस्ती स्त्रियांविषयी सांगावयाचे तर, इतर समाज ह्या कामापासून दूर राहत होता त्या काळी भारतातील परिचारिकांत त्यांचा भरणा फार मोठा होता. आपल्या आज्यांनी हे काम हलके मानले नाही, ही गोष्ट आपल्या नातींस अवश्य सांगावी.

४. भंडारा जिल्ह्यातील तीन प्रसंग

वैनगंगेच्या काठचा हा आपला जिल्हा धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा व कोशाच्या वस्त्रांचा म्हणून ओळखला जातो. येथील दुखणीही काही विशेष आहेत. त्यांपैकी तीन प्रसंग घेऊ.

पहिला, सिकलसेलचा. पूर्व विदर्भातील पुष्कळ कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास असह्य वेदना होतात. परिचारिका सांगते की, पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून व भिजण्यापासून जपावे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नयेत, ताप आल्यास घरी न थांबता रुग्णालय गाठावे. परंतु घरात सासू म्हणते, "ह्या सुनेनेच रोग आणला." येथे समाजसेविकेचे काम सुरू होते. आजार मुलात उतरण्यास आई व बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. हे शांतपणे समजावून दिले म्हणजे एका निरपराध सुनेचा संसार वाचतो. शिवाय २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा रोग्यास प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. शाळेतील गुरुजींस मुलाची अनुपस्थिती आळसामुळे नव्हे हे सांगावे लागते. आणि विवाह ठरविण्यापूर्वी दोन्हीकडच्यांनी रक्त तपासून घ्यावे, हे तर उपदेशकानेही सांगावयास हवे. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत ह्या आजाराचे निर्मूलन करण्याची मोहीम १ जुलै २०२३ रोजी आरंभिली आहे. पण मोहीम घराच्या उंबरठ्याच्या आत नेणारे माणूस लागते.

दुसरा, क्षयाचा. साध्या क्षयाचे औषध सामान्यतः सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, आणि रोगी औषध सोडतो. मग रोग अधिक हट्टी होऊन परततो. गोळ्या मोजून देणे ही परिचर्या. परंतु रोगी तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात गेला तर गोळ्या त्याच्याबरोबर कशा जातील, विडीच्या धुराने भरलेल्या घरात तो कोठे झोपतो, ही चौकशी समाजसेवा होय. क्षयरोग्याच्या पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. ही रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. ज्याचे खातेच नाही, किंवा ज्याच्या खात्याचे कागद अपुरे आहेत, त्याच्यापर्यंत ती कशी पोहोचणार? कागदाची ही गाठ सोडविणे हेही औषध देण्याइतकेच मोलाचे आहे.

तिसरा प्रसंग सांगताना आमची लेखणी अडखळते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सात बालके वाचविता आली. दहा बालके दगावली. अशा घटनेनंतर चौकशी, शिक्षा, भरपाई ह्यांची चर्चा होते, व ती झालीच पाहिजे. पण आम्हांस ज्या मातेचे बाळ गेले तिचा विचार करावयाचा आहे, मग ते आगीत गेले असो की तापाने. बाळ नसले तरी तिच्या छातीत दूध येते. ते दाटून ठणका लागतो, ताप येतो, आणि प्रत्येक कळ तिला बाळाची आठवण देते. ह्या वेळी काय करावे हे परिचारिकेस ठाऊक असते. आणि तिच्याजवळ मुकाट्याने बसावे कसे, घरच्यांनी तिला दोष देऊ नये म्हणून त्यांच्याशी बोलावे कसे, हे समाजसेविका शिकलेली असते. एकाच बाईस दोन्ही येत असेल तर त्या मातेस आपले दुःख दोन परक्यांपुढे दोनदा उघडे करावे लागत नाही.

५. शिक्षणाचा मार्ग

आता व्यावहारिक भाग. परिचर्येच्या शिक्षणाचे तीन मुख्य प्रकार आहेत. सहायक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. गावोगाव उपकेंद्रांत काम करणाऱ्या नर्सबाई बहुधा हेच शिकलेल्या असतात. सामान्य परिचर्या व प्रसविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि परिचर्येची पदवी, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची असते. पदवीसाठी बारावीस विज्ञान शाखा, त्यांत जीवशास्त्र, आवश्यक असते. शिक्षण पुरे झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्याखेरीज कोणासही नर्स म्हणून काम करता येत नाही.

समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू., तीन वर्षांची असते, आणि त्यापुढील एम.एस.डब्ल्यू. सामान्यतः दोन वर्षांची. एम.एस.डब्ल्यू.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यात वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य हा विषय निवडता येतो.

ह्यावरून आमचा सल्ला असा की, जिला दोन्ही कामे करावयाची आहेत तिने प्रथम परिचर्या शिकावी. कारण परिचर्येचे दार विज्ञानाच्या गुणांवर उघडते व तरुणपणी प्रवेश घेणे सोपे जाते. समाजकार्याचे दार पदवीधरास पुढेही उघडे राहते. शिवाय नर्सच्या पगाराने घरास आधार मिळतो व पुढील शिक्षणाचा खर्च निघतो. जिने तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे तिच्याजवळ पदवी नसते. तिने परिचर्येची दोन वर्षांची पुढील पदवी घ्यावी, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून घरबसल्या पदवी मिळवावी. मुलग्यांसही परिचर्येचे शिक्षण खुले आहे. हे काम केवळ बायकांचे आहे असे कोणी समजू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरकारी रुग्णालयांत परिचारिका व समाजसेवा अधीक्षक ही दोन निरनिराळी पदे आहेत. दोन्ही शिक्षणे घेतल्याने दोन पगार मिळत नाहीत, किंवा नेमणूक आपोआप होत नाही. परंतु सेवाभावी संस्था, कुष्ठरोग व क्षयाची कामे, मानसिक रुग्णांची सेवा आणि गावोगावची आरोग्यकार्ये यांत दोन्ही जाणणाऱ्याची किंमत फार असते.

६. सावधगिरीच्या तीन सूचना

पहिली: गुप्तता. जखम बांधताना रोगी घरची गोष्ट बोलून जातो. ती गोष्ट विहिरीवर, बाजारात, इतकेच नव्हे तर प्रार्थनासभेतही उघड करू नये. एकदा विश्वास गेला की गाव आपले दार लावून घेते.

दुसरी: मर्यादा. नर्सने डॉक्टरचे काम करू नये, आणि कोणत्याही घराचे मालकही होऊ नये. बाईस निर्णय घेण्यास मदत करावी. तिच्या वतीने आपणच निर्णय घेऊ नये.

तिसरी: स्वतःची काळजी. मेरी रॉबिन्सन पहिल्या महिन्यात खचल्या, हे आपण वर वाचले. जो दोन ओझी वाहतो त्यास विसावाही दुप्पट लागतो. ठरलेली सुट्टी घ्यावी, आणि मन मोकळे करता येईल असे एक वडीलधारे माणूस जवळ असावे.

७. आपण काय करावे

प्रत्येक खेड्यात दोन्ही पदव्या घेतलेली नर्स मिळणार नाही, हे खरे. परंतु अहमदनगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम केले ते आपल्या डोळ्यांपुढे असावे. त्यांनी खेड्यातील साध्या, पुष्कळदा निरक्षर अशा बायांस आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाया बाळंतपण पाहू लागल्या, आणि त्याबरोबर पिण्याचे पाणी, बालकांचे अन्न व जातिभेद यांविषयीही गावाशी बोलू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आज आपल्या गावी आशाताई आहेत. ही योजना २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. त्या घरोघर फिरतात, पण पुष्कळदा एकट्या पडतात.

तेव्हा उपदेशकांनी आशाताईंस व नर्सबाईंस परके समजू नये. ज्या घरी दुखणाईत आहे तेथे जाताना प्रार्थनेपूर्वी एक प्रश्न विचारावा: "औषध घेता, पण घर कसे चालले आहे?" उत्तर ऐकून घ्यावे आणि, घरच्यांची संमती असल्यास, ते योग्य माणसापर्यंत पोहोचवावे. आणि जिचा कल ह्या कामाकडे आहे अशा मुलीच्या आईबापांस मंडळीने धीर द्यावा, फीची अडचण असल्यास वर्गणी करावी. एका मुलीस असे शिक्षण मिळाले तर रोवणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या त्या बाईस पट्टीही मिळेल, आणि आठ दिवसांची भाकरही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. "दुखणे अर्धे शरीरात व अर्धे घरात असते" ह्याचे आपल्या गावातील एक उदाहरण, कोणाचे नाव न घेता, सांगा.

२. कमलाताई होस्पेट यांचे काम सूतिकागृहापासून समाजकार्याच्या महाविद्यालयापर्यंत का वाढत गेले?

३. सिकलसेलचा दोष केवळ सुनेस देणे चुकीचे का आहे, हे आपल्या घरच्या वडील माणसांस कसे समजावून सांगाल?

४. दोन्ही कामे करू इच्छिणाऱ्या मुलीने परिचर्या आधी का शिकावी?

५. आपल्या गावातील आशाताईंस ह्या महिन्यात मंडळीकडून कोणती एक मदत होऊ शकेल?